मुळाकाठची खडकी : छावणीतून वसलेले उपनगर

पुण्याहून जुन्या महामार्गाने मुंबईकडे निघाले की शिवाजीनगरनंतर थोड्याच अंतरावर रस्त्याच्या कडेचे दृश्य पालटते. दुकानांची रांग विरळ होते. जुनी झाडे, लांबच लांब कुंपणाच्या भिंती, पहारेकऱ्यांच्या चौक्या आणि प्रवेश निषिद्ध असल्याच्या पाट्या दिसू लागतात. मुळा नदी ओलांडून दापोडीस जाण्यापूर्वीचा हा टापू म्हणजे खडकी. इंग्रजांच्या कागदपत्रांत आणि त्यांच्या उच्चारात तिचे 'किर्की' झाले आणि अनेक लष्करी संस्थांच्या नावांत हे रूप दीर्घकाळ टिकून राहिले.

खडकाळ जमिनीवरून पडलेले हे नाव महाराष्ट्रात इतरत्रही आढळते. मलिक अंबरने मराठवाड्यात ज्या ठिकाणी आपली राजधानी वसवली, त्या गावाचेही नाव खडकीच होते. तेच पुढे औरंगाबाद म्हणून आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखले गेले. इतिहासाच्या पुस्तकांत या दोन खडक्यांची गल्लत होण्याचा संभव असतो. पुण्याची खडकी प्रसिद्धीस आली ती दोन शतकांनंतर, आणि तीही एका लढाईमुळे.

या खडकीचे वैशिष्ट्य असे की, तेथील जवळजवळ प्रत्येक गोष्टीचे मूळ लष्करात सापडते. जमीन संरक्षण खात्याची, मोठा रोजगार संरक्षण उत्पादनाच्या कारखान्यांतील, नागरी कारभार छावणी मंडळाचा, मैदाने पलटणींची. पुणे महानगराने तिला चहूबाजूंनी वेढले असले तरी तिचे नियम वेगळे राहिले. सैन्याच्या मागोमाग येथे आलेली माणसे मात्र सैन्य बदलून गेल्यावरही परत गेली नाहीत. त्यांच्या चार-पाच पिढ्या येथेच वाढल्या. ज्या जागेवर त्या वाढल्या, ती जागा नेमकी कोणाची आणि तिच्याविषयी निर्णय घेण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न २०२१ नंतरच्या काळात खडकीत पुन्हा ऐरणीवर आला.

पाच नोव्हेंबर १८१७

जून १८१७ च्या पुणे तहाने दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे हात पुरते बांधले गेले होते. इंग्रज रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुळा-मुठेच्या संगमावर राहत असे, तर कंपनीचे सैन्य शहराला लागून असलेल्या गारपिरावर तळ देऊन होते. पेशव्यांच्या फौजा पुण्याभोवती जमू लागल्या तेव्हा ही जागा धोक्याची ठरली. बाँबे युरोपियन रेजिमेंट पुण्यात दाखल होताच १ नोव्हेंबर रोजी एल्फिन्स्टनने सैन्य गारपिरावरून हलवून खडकीस नेले. तेथे नदीची पाठराखण होती आणि पलीकडे दापोडीला कॅप्टन फोर्डची पलटण होती. खडकीची लष्करी जागा म्हणून निवड झाली ती अशी, घाईघाईत आणि बचावाच्या विचाराने.

५ नोव्हेंबरच्या दुपारी पेशव्यांचे सैन्य गणेशखिंडीच्या बाजूने पुढे सरकले. त्याचे सेनापतित्व बापू गोखले यांच्याकडे होते. स्वतः बाजीराव पर्वतीवरून लढाई पाहत होते. एल्फिन्स्टन संगमावरून निघून नदीपलीकडून खडकीकडे गेला आणि त्याच्या पाठोपाठ रेसिडेन्सी लुटली व जाळली गेली. मराठ्यांचा इतिहास पुढे लिहिणारा जेम्स ग्रँट डफ त्या दिवशी तेथे हजर होता. पेशव्यांच्या अफाट घोडदळाचे वर्णन करताना त्याला खंभातच्या आखातात गर्जत येणाऱ्या भरतीची आठवण झाली.

लेफ्टनंट कर्नल चार्ल्स बर याच्या हाताखालील कंपनीचे सैन्य सुमारे २,८०० होते, पेशव्यांचे त्याच्या कितीतरी पट. तरीही निकाल कंपनीच्या बाजूने लागला. गोखले यांच्या घोडदळाने केलेला मोठा हल्ला इंग्रज रांगेपर्यंत पोहोचण्याआधीच मधल्या दलदलीत अडकला. घोडी रुतली, मागची पुढच्यांवर आदळली आणि त्याच वेळी बंदुकांचा मारा सुरू झाला. फोर्डच्या पलटणीवर चालून गेलेले मोरो दीक्षित धारातीर्थी पडले. इंग्रजांकडील मृत आणि जखमी मिळून ८६ आणि मराठ्यांकडील सुमारे ५०० असा आकडा ग्रँट डफने दिला आहे. एवढ्या मोठ्या सैन्यांच्या मानाने ही चकमकच म्हणावी लागेल. परंतु १६ नोव्हेंबरला येरवड्याजवळ पुन्हा झुंज झाली, बाजीराव पुणे सोडून निघाले आणि १७ नोव्हेंबरला शहर कंपनीच्या ताब्यात गेले. ज्या रेसिडेंटने हा तळ निवडला, त्याचे नाव खडकीतील एका रस्त्याला राहिले.

तळाची वस्ती होते

लढाईनंतर पुण्याभोवती दोन छावण्या आकारास आल्या. शहराच्या पूर्वेची मोठी छावणी म्हणजे पुणेकरांचे 'लष्कर' अथवा 'कँप'. वायव्येची लहान छावणी म्हणजे खडकी. पहिलीत मुख्य कार्यालये, बाजारपेठा, क्लब आणि नाट्यगृहे आली. दुसरीच्या वाट्याला तोफखाना आला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खडकी हे मुंबई इलाख्यातील तोफखान्याचे प्रमुख ठाणे होते. कँपाच्या मानाने खडकी सदैव अधिक रुक्ष, अधिक कामकरी राहिली आणि तिच्या समाजजीवनावर या फरकाची छाप स्पष्ट दिसते.

त्या काळच्या छावणीची आखणी ठरलेली असे. गोऱ्या सैनिकांच्या बराकी, अधिकाऱ्यांचे ऐसपैस बंगले, देशी शिपायांच्या 'लाइनी', कवायतीचे मैदान, चर्च, दफनभूमी आणि या सर्वांपासून थोडा दूर राखलेला बाजार. खडकीतील ऑल सेंट्स चर्चची इमारत १८४१ मधील. बाजाराची गोष्ट मात्र अशी एखाद्या वर्षात सांगता येत नाही. पलटणीला पीठ-मीठ पुरवणारा मोदी, कपडे शिवणारा शिंपी, धोबी, न्हावी, पखालीने पाणी भरणारा भिस्ती, घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार, साहेबाच्या घरचा बटलर आणि आया या सर्वांची वस्ती तेथे झाली. पलटण दुसऱ्या ठाण्यावर गेली की काही जण तिच्याबरोबर जात आणि बरेचसे येणाऱ्या पलटणीची वाट पाहत तेथेच थांबत. खडकी बाजार हे नाव त्यातूनच रूढ झाले.

या वस्तीत आसपासच्या गावांतील मराठी कुटुंबांबरोबर तमिळ आणि तेलुगु भाषक कुटुंबे मोठ्या संख्येने आली. उत्तरेकडील मुस्लिम, गोव्याकडील ख्रिस्ती, गुजराती व मारवाडी व्यापारी हेही आले. गावगाड्यात ज्यांना वेशीबाहेर ठेवले जाई, अशा समाजांतील अनेकांना छावणीने प्रथमच रोख पगाराचे काम दिले. छावणीत भेदभाव नव्हता असे नव्हे. गोरे आणि काळे ही रेषा तर अतिशय ठळक होती. पण गावातील वतन आणि बलुत्याच्या चौकटीतून बाहेर पडण्याची एक वाट या बाजारातून जात होती, हे मान्य करावे लागते.

१८५८ मध्ये खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग सुरू झाला. दारूगोळा, घोडे आणि माणसे यांची ने-आण सुलभ झाल्याने खडकीचे लष्करी महत्त्व वाढले.

कारखान्यांचे गाव

१८६९ मध्ये खडकीत काडतुसांच्या निर्मितीसाठी दारूगोळा कारखाना स्थापन झाला आणि छावणीच्या स्वरूपात मूलभूत बदल घडला. तोवर येथील नागरी वस्ती सैनिकांची सेवा करून जगत होती. आता तिच्यात कामगारवर्ग निर्माण झाला. पुणे परिसरात आधुनिक कारखानदारीचा विचार करताना पिंपरी-चिंचवडची नावे आधी आठवतात, परंतु तेथे पहिला मोठा उद्योग येण्यापूर्वी ऐंशीहून अधिक वर्षे खडकीत माणसे पाळीवर जात होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० मध्ये, उच्च स्फोटकांचा दुसरा कारखाना येथे उभा राहिला.

स्फोटकांच्या कारखान्यातील काम इतर कारखान्यांसारखे नसते. काडेपेटी आत नेता येत नाही, ठिणगी पडेल असे हत्यार वापरता येत नाही, इमारती एकमेकींपासून दूर आणि मातीच्या बांधांनी वेगळ्या केलेल्या असतात. शिस्त हा तेथे केवळ व्यवस्थापनाचा आग्रह राहत नाही. शेजारच्या पाटावर काम करणाऱ्याचा जीव तिच्यावर अवलंबून असतो. कारखान्याच्या वसाहतींत एकाच पाळीवर जाणाऱ्या, वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या कुटुंबांचा जो घरोबा झाला, त्यामागे हे सहजीवन होते.

याच कामगारांमधून संघटनाही उभी राहिली. देशभरातील संरक्षण कामगारांच्या 'ऑल इंडिया डिफेन्स एम्प्लॉइज फेडरेशन' या महासंघाचे मुख्य कार्यालय खडकीत आहे आणि त्याच्या वास्तूला ज्येष्ठ समाजवादी नेते एस. एम. जोशी यांचे नाव आहे. जोशी यांनी या महासंघाचे अध्यक्षपद भूषविले होते. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनातील त्यांची कामगिरी सर्वपरिचित आहे. संरक्षण कामगारांत त्यांनी केलेले काम त्या मानाने कमी सांगितले जाते.

या कामगारांच्या दृष्टीने अलीकडचा सर्वांत मोठा बदल १ ऑक्टोबर २०२१ रोजी झाला. केंद्र सरकारने आयुध निर्माणी मंडळ विसर्जित करून देशातील ४१ कारखाने सात सरकारी कंपन्यांत विभागले. खडकीतील दोन्ही कारखाने 'म्युनिशन्स इंडिया लिमिटेड' या कंपनीकडे गेले आणि या कंपनीचे मुख्यालयही पुण्यातच आले. कर्मचारी संघटनांनी या निर्णयास तीव्र विरोध केला होता. कामगारांना कंपनीत मानीव प्रतिनियुक्तीवर ठेवण्यात आले, म्हणजे काम कंपनीचे आणि सेवेच्या अटी सरकारी नोकराच्या. आजोबा, वडील आणि मुलगा एकाच कारखान्यात नोकरीला, ही खडकीतील घराघरांची कहाणी पुढे चालू राहील किंवा कसे, याची चिंता त्या विरोधाच्या मुळाशी होती.

बाँबे सॅपर्स

सामान्य पुणेकराला खडकी म्हटल्यावर आठवते ते बाँबे इंजिनिअर ग्रुप, अर्थात 'बाँबे सॅपर्स'चे केंद्र. १८२० मध्ये सॅपर्सची पहिली तुकडी उभारली गेली आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या दलाचे ठाणे खडकीत स्थिरावले. सॅपर म्हणजे सैन्यातील अभियंता शिपाई. सैन्याच्या पुढे जाऊन नदीवर पूल टाकणे, रस्ता करणे, शत्रूने पेरलेले सुरुंग काढणे ही त्याची कामे. लढणाऱ्या पलटणींचे नाव होते; त्यांना वाट करून देणाऱ्यांचे क्वचितच होते.

तरीही दोन नावे येथे सांगितली पाहिजेत. दुसरे लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत हे दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे पहिले भारतीय अधिकारी. १९४१ च्या जानेवारी-फेब्रुवारीत पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेत त्यांनी चार दिवसांत ५५ मैलांच्या टप्प्यातील १५ सुरुंगक्षेत्रे साफ केली. या काळात त्यांची गाडी सुरुंगावर जाऊन उडाली, कानांना इजा झाली, तरी त्यांनी काम दुसऱ्याकडे सोपवले नाही.

दुसरे नाव दुसरे लेफ्टनंट राम राघोबा राणे यांचे. कारवारजवळच्या चेंडिया गावी १९१८ मध्ये जन्मलेले राणे १९४० मध्ये साधे जवान म्हणून दलात भरती झाले आणि पायरी-पायरीने अधिकारी झाले. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे निघालेल्या भारतीय रणगाड्यांच्या वाटेत पाडलेली झाडे, उडवलेले पूल आणि सुरुंग यांचे अडथळे होते. ८ एप्रिलला तोफगोळ्यांच्या माऱ्यात ते जखमी झाले. तरीही रणगाड्याच्या आडोशाने, प्रसंगी त्याच्या खालून सरपटत, पुढील तीन दिवस त्यांनी वाट मोकळी करून दिली. या कामगिरीसाठी त्यांना परमवीर चक्र मिळाले. हा सन्मान हयातीत मिळालेले ते पहिले सैनिक होत. १९९४ मध्ये पुण्यातच त्यांचे निधन झाले.

फाळणीच्या वेळी या दलातील मुस्लिम सैनिक पाकिस्तानच्या वाट्याला गेले. एका ताटात जेवलेल्या कंपन्या दोन देशांत विभागल्या गेल्या. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये लष्करी अभियांत्रिकीची शिक्षणसंस्था रुरकीहून येथे आणण्यात आली. मुळेपलीकडे दापोडीत विस्तारलेले 'कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंग' ते हेच.

युद्धाच्या मागे राहिलेली माणसे

खडकीतील युद्धस्मशानभूमी बाहेरच्या माणसास सहसा ठाऊक नसते. पश्चिम आणि मध्य भारतात ठिकठिकाणच्या दफनभूमींत दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांच्या कबरी विखुरलेल्या होत्या. त्यांची कायमची निगा राखणे शक्य नसल्याने त्या खडकीत एकत्र आणण्यात आल्या. येथे राष्ट्रकुलातील १,६६८ सैनिकांच्या कबरी आहेत. पहिल्या महायुद्धाच्या काळात भारतात मरण पावलेल्या १,८०० हून अधिक सैनिकांची नावे तेथील स्मारकावर आहेत आणि पूर्व व पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या सुमारे दोनशे सैनिकांचीही स्मृती तेथे जपलेली आहे. राष्ट्रकुल युद्धकबर आयोग या जागेची व्यवस्था पाहतो. एकसारख्या शिळांवर कोरलेली वये वाचत गेले तर वीस, एकवीस, तेवीस असे आकडे दिसत राहतात.

मृतांची अशी व्यवस्था लागली. जे जिवंत परतले पण धडधाकट राहिले नाहीत, त्यांचे काय, हा प्रश्न वेगळा होता. पहिल्या महायुद्धात अवयव गमावलेल्या सैनिकांना हाताला काम मिळावे म्हणून मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने १९१७ मध्ये मुंबईत 'क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट' सुरू झाले. पुढे ते खडकीत हलवण्यात आले. पेन्शन देऊन घरी पाठवण्याऐवजी धंदेशिक्षण देण्याची ही कल्पना त्या काळाच्या मानाने पुढची होती.

१९६५ आणि १९७१ च्या युद्धांनंतर मणक्याला इजा होऊन कमरेखाली किंवा मानेखाली लुळेपणा आलेल्या जवानांचा प्रश्न उभा राहिला. त्यांना बराच काळ रुग्णालयात ठेवता येत नव्हते आणि खेड्यातील घरी पायऱ्या, ओबडधोबड वाट व अपुऱ्या वैद्यकीय सोयी यांमुळे त्यांची निगा होणे कठीण होते. त्यांच्यासाठी १९७४ मध्ये खडकीत 'पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर' सुरू झाले. येथील रहिवासी चाकाच्या खुर्चीवरून बास्केटबॉल खेळतात, कारागिरीची कामे करतात; हात चालत नाहीत अशांपैकी काहींनी तोंडात कुंचला धरून चित्रे काढली आहेत. खडकीच्या रस्त्यांवर हाताने चालवायच्या तीनचाकीवरून जाणारा माजी जवान हे नवलाचे दृश्य नाही. दुकानदार त्याला नावाने ओळखतो आणि सामान गाडीपर्यंत आणून देतो.

मैदाने आणि हॉकी

पलटणींनी खडकीला जे दिले त्यात सर्वांत अनपेक्षित देणगी हॉकीची. छावणीत मोकळी मैदाने विपुल होती आणि सैनिक तेथे नियमित खेळत. मैदानाच्या कडेला उभी राहणारी बाजारातली आणि वसाहतींतली मुले चेंडू आणून देता देता खेळ शिकली. मराठी मुलखात इतरत्र कबड्डी, खो-खो आणि क्रिकेट यांचे राज्य असताना खडकीची मुले स्टिक घेऊन फिरत, हे केवळ छावणीमुळे घडले.

या मुलांपैकी एक धनराज पिल्ले. १६ जुलै १९६८ रोजी खडकीत एका तमिळ कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील दारूगोळा कारखान्याच्या मैदानाची देखभाल करीत आणि कुटुंब कारखान्याच्या वसाहतीत राहत असे. नवी स्टिक घेण्याची ऐपत नसल्याने मोडक्या स्टिक आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन, मऊ, चिखलाच्या मैदानावर ते खेळायला शिकले. पुढे मोठे बंधू रमेश यांच्यामागोमाग ते मुंबईस गेले. १९९२ ते २००४ या काळात धनराज चार ऑलिंपिकमध्ये भारताकडून खेळले आणि १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने सुवर्णपदक मिळवले. १९९९-२००० साठीचा राजीव गांधी खेलरत्न पुरस्कार त्यांना मिळाला. मैदान राखणाऱ्याचा मुलगा देशाचा कर्णधार झाला, ही गोष्ट खडकीत अजूनही अभिमानाने सांगितली जाते.

ही परंपरा नंतर ओसरू लागली, याचे एक कारण खुद्द खेळात आहे. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून हॉकी कृत्रिम गवतावर गेली. अशी मैदाने महाग आणि मोजकी. खडकीतील मातीच्या मैदानावर घडलेली चाल तेथे पुरेशी ठरत नाही. शिवाय सुरक्षिततेच्या कारणाने लष्कराने आपले आवार अधिकाधिक बंदिस्त केले. पूर्वी कुंपणातल्या फटीतून मैदानावर शिरणाऱ्या मुलांना ती वाट राहिली नाही.

सैन्यामार्फत खेळाडू घडण्याचे थांबले मात्र नाही. नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ २०१२ मध्ये बाँबे इंजिनिअर ग्रुपमध्ये भरती झाले. त्यापूर्वी ते विहिरी खोदण्याच्या कामावर जात. दुष्काळी गावातल्या या तरुणाला पाण्याची भीती वाटे. पुण्यातील सैन्याच्या नौकानयन केंद्रात ते वल्हवायला शिकले, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकानयनात तेरावे आले आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळवणाऱ्या संघात होते.

जमीन कोणाची, कारभार कोणाचा

छावणीत घर असणे म्हणजे काय, हे बाहेरच्यांना समजावून सांगणे कठीण जाते. खडकीतील बरेच जुने बंगले 'ओल्ड ग्रँट' या पद्धतीखाली येतात. इंग्रज काळात छावणीतील जमीन अधिकाऱ्यांना घर बांधून राहण्यापुरती देण्यात आली. वरचे बांधकाम राहणाऱ्याचे, खालची जमीन सरकारची, आणि सरकारला हवी तेव्हा बांधकामाची भरपाई देऊन ती परत घेता येणारी. हे बंगले पुढे खासगी कुटुंबांकडे आले, वारसांत वाटले गेले, पण जमिनीची अट बदलली नाही. बाजारातील घरांची स्थिती थोडी निराळी असली तरी तेथेही मजला चढवणे, भिंत बदलणे, घर विकणे यांसाठी परवानग्यांची साखळी पार करावी लागते. कुटुंब वाढते आणि घर वाढवता येत नाही, ही छावणीवासीयांची जुनी तक्रार आहे. लष्कराची बाजूही नाकारता येत नाही. स्फोटकांच्या कारखान्याजवळ आणि सैन्याच्या आवारालगत उंच इमारतींना मोकळीक देणे धोक्याचे ठरते.

कारभार छावणी मंडळाकडे असतो. २००६ च्या छावणी कायद्यानुसार मंडळाचा अध्यक्ष लष्करी अधिकारी, मुख्याधिकारी संरक्षण संपदा सेवेतील आणि निम्मे सदस्य जनतेने निवडलेले अशी रचना ठरली. रस्ते, पाणी, दिवे, शाळा आणि रुग्णालय ही कामे मंडळाची. नगरसेवकाला महापालिकेत जे वजन असते ते छावणीच्या सदस्याला नसते. तरीही तुंबलेल्या गटारासाठी ज्याच्या दारात जाता येईल असा एक माणूस वॉर्डात असे.

२०१५ च्या जानेवारीत देशभरातील छावणी मंडळांच्या निवडणुका झाल्या. निवडून आलेल्या सदस्यांची मुदत, वाढीव काळासह, फेब्रुवारी २०२१ मध्ये संपली. त्यानंतर अध्यक्ष, मुख्याधिकारी आणि एक नामनियुक्त नागरी सदस्य एवढ्यांवरच कारभार आला. फेब्रुवारी २०२३ मध्ये ५७ मंडळांच्या निवडणुका ३० एप्रिल रोजी घेण्याचे जाहीर झाले. उमेदवारांनी तयारी सुरू केली आणि मार्चच्या मध्यास ती अधिसूचना मागे घेण्यात आली.

त्याला कारण होते केंद्र सरकारचे नवे धोरण. छावण्यांतील नागरी वस्ती वेगळी काढून शेजारच्या नगरपालिका अथवा महापालिकेत विलीन करावी आणि उरलेला भाग निव्वळ लष्करी ठाणे म्हणून ठेवावा, असे हे धोरण. एप्रिल २०२३ मध्ये हिमाचल प्रदेशातील योल छावणीपासून त्याची सुरुवात झाली. तोवर देशात ६२ छावण्या होत्या, त्यांपैकी महाराष्ट्रात पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहमदनगर, औरंगाबाद आणि कामठी अशा सात. पुणे व खडकीच्या नागरी भागाचे पुणे महापालिकेत विलीनीकरण करण्याविषयी केंद्र आणि राज्य यांच्यात विचारविनिमय सुरू झाला.

खडकीतील लोकमत या प्रश्नावर एकमुखी नाही. विलीनीकरण हवे असणाऱ्यांचे म्हणणे असे की, बांधकामाचे नियम शिथिल होतील, राज्य सरकारच्या योजनांचा लाभ मिळेल आणि मतदानाने निवडलेला प्रतिनिधी परत येईल. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर स्थानिक करांचे उत्पन्न आटले आणि छावणी मंडळांची आर्थिक ओढाताण सुरू झाली, याकडेही ते बोट दाखवतात. दुसऱ्या बाजूस, महापालिकेच्या अवाढव्य कारभारात खडकीसारखे लहान उपनगर दुर्लक्षित राहील, मोकळ्या जागा आणि जुनी झाडे बांधकामाच्या लाटेत नाहीशी होतील, अशी भीती आहे. ती निराधार म्हणता येत नाही. शेजारच्या औंध आणि बोपोडीचे रूप पालटलेले खडकीकरांनी पाहिलेले आहे.

केंद्राने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नागरी सुविधांसाठी उभारलेल्या मालमत्ता स्थानिक संस्थेला विनामूल्य मिळतील, परंतु जेथे लागू असेल तेथे जमिनीची मालकी केंद्र सरकार आपल्याकडे ठेवेल. म्हणजे शाळा, रुग्णालय आणि रस्ते महापालिकेकडे जाऊ शकतील. ओल्ड ग्रँटच्या बंगल्याखालची जमीन मात्र संरक्षण खात्याचीच राहू शकेल. ज्या प्रश्नाच्या उत्तरासाठी बहुतेक कुटुंबे विलीनीकरणाकडे डोळे लावून होती, तोच त्यातून सुटेल याची हमी या तत्त्वांत नाही.

दरम्यान खडकीची वाहतूक बदलली आहे. १९७८ पासून धावणारी पुणे-लोणावळा लोकल ही कारखान्यात येणाऱ्या कामगारांची हक्काची गाडी होती. पिंपरी-चिंचवडहून पुण्याकडे येणारी मेट्रो ऑगस्ट २०२३ पासून खडकीवरून धावू लागली, परंतु खडकीचे स्थानक तेव्हा अपूर्ण असल्याने गाडी तेथे थांबत नसे. ते स्थानक २०२५ मध्ये खुले झाले.